दार उघडताच थांबणारा आवाज: दुहेरी दाराच्या फ्रीजसोबत 17 महिने

तेराव्या महिन्यात फ्रीझरमधून ‘टर्रर्र’ असा आवाज येऊ लागला आणि तपासणीस आलेल्या तंत्रज्ञाने मागचे पॅनेल न उघडताच कॉम्प्रेसर बदलावा लागेल असे सांगितले. बर्फ नेहमीसारखा जमत होता, थंडावाही कमी झाला नव्हता. त्यामुळे एवढा खर्च करण्याआधी आवाज नेमका कुठून येतो ते पाहायचे मी ठरवले.

कॉम्प्रेसर तळाशी मागच्या बाजूला असतो आणि दार उघडल्याने तो लगेच बंद पडत नाही. माझ्याकडे मात्र फ्रीझरचे दार उघडताच आवाज थांबत असे, आणि चौकटीतले बटण बोटाने दाबून धरले की दार उघडे असतानाही तो पुन्हा सुरू होई. त्या बटणावर कूलिंग कॉइलजवळचा पंखा चालतो. म्हणजे पात्यांना बर्फ घासत होता. दोष कॉम्प्रेसरचा नव्हता. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा तंत्रज्ञाने करायला हवी होती, याचा राग अजून गेलेला नाही.

फ्रीज रिकामा केला, प्लग काढला आणि दोन्ही दारे 24 तास उघडी ठेवली. सुरीने बर्फ खरवडण्याचा मोह टाळावा, कारण कॉइलची नळी फुटली तर गॅस निघून जातो, आणि अनेक फ्रीजमध्ये थंडाव्यासाठी वापरला जाणारा आर-600ए हा गॅस ज्वलनशील असतो. आवाज गेला, तेव्हा प्रश्न सुटला असे मी मानले. ते चुकले. पाच आठवड्यांनी टर्रर्र परत आली, कारण डीफ्रॉस्ट हीटरने (कॉइलवरचा बर्फ ठराविक वेळाने वितळवणाऱ्या तापकाने) वितळलेले पाणी ज्या छिद्रातून खालच्या ट्रेमध्ये जाते तेच तुंबले होते आणि साचलेले पाणी पुन्हा गोठत होते. पुन्हा बर्फ वितळवून छिद्रात कोमट पाणी सोडले. त्यानंतर आजतागायत आवाज नाही. छिद्र इतके अरुंद ठेवणे ही रचनेतली चूकच आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यात इतर आवाजांबद्दल केलेली तक्रार मात्र मी मागे घेतो. कॉम्प्रेसर थांबल्यावरची गुळगुळ ही नळ्यांतील गॅसचा दाब समान होत असल्याची, हीटरवर थेंब पडल्याचा ‘चर्र’ डीफ्रॉस्टचा, आणि रात्रीचा ‘कट्’ तापमान बदलताना आतले प्लॅस्टिक आकुंचन-प्रसरण पावल्याचा. यांत बिघाड काहीच नाही. काळजी करावी ती दर काही मिनिटांनी ‘टक्’ होऊन कॉम्प्रेसर सुरूच न झाल्यास.

थंडावा, जागा आणि वीजवापर याबाबत मी समाधानी आहे. परंतु सेवा नोंदीत अजूनही ‘कॉम्प्रेसर सदोष’ असेच लिहिलेले आहे, आणि ती नोंद दुरुस्त करावी म्हणून पाठवलेल्या दोन्ही पत्रांना उत्तर आलेले नाही.