पेंटबॉल मास्कचे पार्ट घरी डाय केले, एक सीझन वापरल्यावर रंगाचं काय झालं

पेंटबॉल या रंगाच्या गोळ्या एकमेकांवर झाडायच्या खेळातला माझा मास्क डाय करून, म्हणजे त्याचे पार्ट रंगाच्या गरम पाण्यात बुडवून, आता बरेच महिने झालेत, मधल्या काळात तो कडक उन्हात, चिखलात, घामात सगळीकडे वापरून झालाय, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल. रंगवल्या रंगवल्या काढलेल्या फोटोत कुठलाही मास्क भारीच दिसतो, पण अख्खा सीझन खेळल्यावर तो रंग कसा राहतो हे फारसं कोणी लिहीत नाही. माझा अनुभव सांगते, रंग टिकतो, मस्त टिकतो, फक्त सगळ्या पार्टवर सारखा टिकत नाही आणि हा फरक डाय कुठल्या कंपनीचा यापेक्षा खालचं प्लास्टिक कुठलं यावर जास्त ठरतो.

मी रंगवलं ते म्हणजे वरचा व्हायझर (कपाळावरची पुढे आलेली छज्जासारखी कड), दोन्ही कानांवरचे मऊ पार्ट आणि तोंडाखालचा तो मऊ भाग ज्याला सगळे स्कर्ट म्हणतात. मुळात सगळं पांढरं होतं, आणि पांढरं असणं गरजेचंच आहे कारण डाय स्प्रे पेंटसारखा खालचं झाकून टाकत नाही, मूळ रंग त्यातून दिसतोच. पिवळ्या पार्टवर निळा डाय केला की हिरवा येणार. काळ्या पार्टवर काहीच दिसणार नाही. गडद कितीही करता येतं, परत फिकं काही करता येत नाही.

पुढे जायच्या आधी लेन्सबद्दल, कारण यात मला कुणाचंही ऐकायचं नाहीये. लेन्सला हात लावायचा नाही. पेंटबॉल म्हणजे ०.६८ कॅलिबरचा, साधारण ३ ग्रॅमचा गोळा आणि मैदानावर वेगाची मर्यादा सहसा सेकंदाला ३०० फूट किंवा त्याच्या थोडी खाली असते, तो डोळ्यासमोर अडवायचं काम त्या पॉलिकार्बोनेटच्या लेन्सचं आहे. पॉलिकार्बोनेट आपटलं तरी फुटत नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात पण केमिकलपुढे ते कच्चं पडतं, ॲसिटोन लागलं की आतून बारीक भेगा जातात आणि त्या बऱ्याचदा पटकन दिसतही नाहीत. डायमध्ये ॲसिटोन मिसळून लेन्स टिंट करायची एक पद्धत लोक एकमेकांना सांगत असतात, ती मास्कच्या लेन्सवर कृपा करून करू नका. त्यात थर्मल लेन्स असेल तर ती दोन थरांची असते, बुडवली की मधे पाणी शिरतं आणि मग ती कायमची धुरकट. गडद लेन्स हवी असेल तर मास्क बनवणाऱ्याचीच तयार टिंटेड लेन्स घ्यायची.

फ्रेमचंही तेच. मास्कवर एएसटीएम एफ१७७६ लिहिलेलं असतं ते पेंटबॉलमधल्या डोळ्यांच्या संरक्षणाचं स्टँडर्ड आहे, आणि ती टेस्ट कारखान्यातून निघालेल्या मास्कची झालेली असते, घरी गरम पाण्यात बसून आलेल्या फ्रेमची नाही. फ्रेम जराशी जरी वाकली तरी लेन्स खाचेत नीट बसत नाही. म्हणून लेन्स धरून ठेवणारा कुठलाही पार्ट मी भांड्यात टाकत नाही, वेगळ्या रंगाची फ्रेम सुटी मिळत असेल तर ती घ्यावी आणि डायची हौस व्हायझर, कान, स्कर्ट यांच्यावर भागवावी. मास्कबरोबर आलेलं मॅन्युअल पण एकदा वाचा, काही कंपन्या कुठलाही बदल चालणार नाही असं स्पष्ट लिहितात.

स्प्रे पेंट का नाही असं खूप जण विचारतात. स्प्रे पेंट वर बसतो, डाय आत जातो, सगळा खेळ एवढाच आहे. कानाचे पार्ट मास्क चढवताना उतरवताना दर वेळी वाकतात, स्कर्ट बॅगेत दाबला जातो, त्यावर पेंटचा थर असेल तर आधी तडे जातात आणि मग पापुद्रे निघतात, वर स्प्रेमधलं सॉल्व्हंट प्लास्टिकला काय करेल ते वेगळंच. डाय केलेल्या कानाला मी हाताने पूर्ण दुमडून बघितलंय, घडीच्या जागी पांढरी रेघसुद्धा उमटत नाही.

आता प्लास्टिक. पार्ट काढून मागच्या बाजूला बघा, बऱ्याचदा बारीक अक्षरांत काहीतरी कोरलेलं सापडतं. पीए६ किंवा पीए६६ दिसलं तर ते नायलॉन, म्हणजे लॉटरीच लागली. पुढे जीएफ आणि आकडा असेल तर त्यात काचेचे तंतू मिसळलेले असतात, रंग घेतं पण जरा मंद, मॅट येतो. टीपीयू हे रबरासारखं मऊ प्लास्टिक, मऊ पार्टांमधलं रंगवायला सगळ्यात सोपं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पीई (पॉलिइथिलीन) दिसलं की तिथेच थांबायचं, त्यात डाय शिरत नाही, कितीही उकळा. काहीच कोरलेलं नसेल तर पार्ट पाण्यात टाकून बघायचा, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं आणि नायलॉन, टीपीयू बुडतात. एक अडचण अशी की काही मास्कचा मऊ भाग टीपीयू नसतो, दुसऱ्या जातीचं रबरासारखं प्लास्टिक असतं, दिसायला हाताला अगदी सारखं पण डाय धरत नाही, त्याला ही पाण्याची टेस्ट पुरत नाही. मग आतल्या बाजूचा, चेहऱ्याकडचा एखादा कोपरा आधी बुडवून बघणं बरं.

नायलॉन एवढं छान का रंगतं तर ते मुळात पाणी पितं, नायलॉन ६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरू शकतं. गरम झालं की आतली रचना सैल होते, पाण्याबरोबर रंग आत जातो आणि ॲसिड डाय असेल तर तिथे पक्का धरला जातो. त्यासाठी पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालायचं. टीपीयूला मी सिंथेटिक कापडांसाठीचा डाय वापरला, ज्याला डिस्पर्स डाय म्हणतात, रिट डायमोर किंवा जॅकार्डचा आयडाय पॉली हे त्याच प्रकारातले. डिस्पर्स डाय नायलॉनवरही चढतो, पण व्हायझरला मी ॲसिड डायच ठेवला आणि महिन्यांनंतर बघता तो निर्णय बरोबर होता असं वाटतं, पुढे सांगते का ते.

भांडं स्टीलचं, आणि एकदा डायला वापरलं की ते परत स्वयंपाकात घ्यायचं नाही. हातमोजे, खिडक्या उघड्या, कारण डिस्पर्स डायच्या वाफेला वास असतो. पार्टवरचा फोम, स्ट्रॅप, स्क्रू सगळं काढून डिश सोपने धुवायचं आणि मग उघड्या हाताने पकडायचं नाही, तेलकट बोटाचा ठसा जिथे असेल तिथे रंग कमी चढतो आणि तो डाग कायमचा राहतो. पाणी ८० ते ८५ डिग्री. थर्मामीटर हवाच, अंदाजाने हे काम होत नाही. खळखळ उकळी नको आणि पार्ट तळाला टेकवायचाच नाही, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. माझ्या टीममधल्या एकाचा व्हायझर तळाला टेकला होता तर त्याची कड लाटांसारखी वेडीवाकडी झाली आणि नंतर गरम करूनही ती सरळ झाली नाही. मी तारेचा हुक करून पार्ट मधोमध लटकवते आणि सारखा हलवत राहते.

वेळेचं म्हणाल तर टीपीयू मिनिटभरात रंग पकडतो, डोळ्यादेखत, त्यामुळे फिका रंग हवा असेल तर डाय अगदी पातळ करायचा. नायलॉनला गडद निळ्यासाठी वीस मिनिटं ते अर्धा तास. पाण्यातून काढल्यावर पार्ट मऊ असतो, तो लगेच कुठेही कसाही ठेवायचा नाही, मूळ आकारात आधार देऊन गार होऊ द्यायचा. मग थंड पाणी आणि साबण, धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मास्कच्या बाबतीत ही धुलाई कापडापेक्षा जास्त महत्त्वाची आहे कारण उरलेला रंग घामाबरोबर थेट गालावर येतो.

आणि गालाचा विषय निघालाच आहे तर, डिस्पर्स डायमधले काही रंग त्वचेला ॲलर्जी देणारे म्हणून माहितीतले आहेत, डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ ही नावं त्यात कायम येतात. कपड्यांमुळे अंगावर पुरळ येणाऱ्यांनी मऊ पार्ट रंगवायच्या फंदात पडू नये, व्हायझर रंगवावा, तो चेहऱ्याला लागतच नाही. मला काही झालं नाही, तरी स्कर्टची चेहऱ्याकडची कड फोमने पूर्ण झाकलेली आहे ना हे मी आधी बघून घेतलं होतं. फोम मात्र कधीच डाय करायचा नाही.

फेडबद्दल, म्हणजे फिक्यापासून गडदपर्यंत हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगाबद्दल, थोडं जास्त लिहिते कारण मला त्यातच सगळ्यात जास्त मजा आली. व्हायझर वरून पांढरा आणि खाली येता येता गडद निळा असा हवा होता. पार्ट अर्धा बुडवून नुसता धरून ठेवला तर पाण्याच्या पातळीवर सरळ रेघ पडते, ती नंतर जात नाही. म्हणून हात कधीच थांबवायचा नाही, खाली वर खाली वर, आणि वर जाताना दर वेळी थोडं थोडं कमी बुडवत जायचं, म्हणजे टोकाला सगळ्यात जास्त वेळ मिळतो आणि वरच्या कडेला जेमतेम काही सेकंद. बाहेर काढल्यावर वरून ओघळ खाली येतात ते लगेच पुसायचे. इतकं करून हातात आलेला व्हायझर उजेडात धरला तर जिथून साच्यात प्लास्टिक सोडलेलं असतं त्या ठिपक्याभोवती रंगाचं एक हलकं वलय दिसतं, आणि जुने ओरखडे बाकीच्यापेक्षा किंचित गडद झालेले असतात. मला ते आवडतं. ज्यांना एकदम सपाट, कारखान्यासारखा रंग हवा असतो त्यांनी ओरखडे पडलेला जुना पार्ट घेऊ नये.

काळ्या रंगाबद्दल एक सूचना. डायमधला काळा बऱ्याचदा दोन तीन रंग मिसळून केलेला असतो आणि ते घटक प्लास्टिकमध्ये वेगवेगळ्या वेगाने शिरतात, त्यामुळे लवकर काढलं तर जांभळट किंवा हिरवट दिसतं. घाबरायचं नाही, तापमान धरून वेळ द्यायचा.

आता महिन्यांनंतरची स्थिती. व्हायझर, म्हणजे नायलॉन आणि ॲसिड डाय, जवळजवळ जसाच्या तसा आहे. त्यावर बॉल फुटलेत, झाडाच्या फांद्या घासल्यात, जमिनीवर पालथा पडलाय. खोल ओरखडा गेला तिथे आतलं पांढरं दिसतं कारण रंग वरच्या पातळ थरातच शिरलेला असतो, एक मिलिमीटर सुद्धा नाही, पण साधे घासल्याचे डाग दिसतच नाहीत. पेंटबॉलमधला रंग मुळात पाण्यात जाणारा असतो, जिलेटिनचं कवच आणि आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल, त्यामुळे ओल्या कपड्याने पुसलं की निघतो आणि त्याचा डायवर काही डाग राहिला नाही.

मऊ पार्टांची गोष्ट वेगळी आहे. कान मी जांभळे केले होते, गुलाबी आणि निळा मिसळून. आता ते निळसर झालेत, गुलाबी उन्हाने उडाला. स्ट्रॅप बाजूला केला की त्याखाली पट्टीएवढा मूळचा जांभळा अजून तसाच दिसतो, म्हणजे हे ऊनच आहे, घाम किंवा धुणं नाही. फ्लुरोसंट रंगांचं तर याहून लवकर होतं, टीममध्ये एकाचा झगझगीत गुलाबी स्कर्ट सीझन संपेपर्यंत फिकट गाजरासारखा झालाय. मिसळलेल्या रंगापेक्षा एकाच रंगाचा, त्यातही गडद डाय मऊ पार्टाला चांगला.

दुसरं म्हणजे टीपीयूमधला डिस्पर्स डाय पूर्ण शांत बसत नाही. तापलेल्या बंद गाडीत मास्क राहिला होता तेव्हा स्कर्ट जिथे फ्रेमला टेकतो तिथे फ्रेमवर हलकी जांभळी सावली आली, धुतलं तरी जात नाही कारण ती पण आतच गेलीये. काळ्या फ्रेमला हे कळणार नाही, पांढरी फ्रेम असेल तर नक्की कळेल. म्हणूनच मी म्हणत होते की व्हायझरला ॲसिड डाय बरा, तो दुसरीकडे पसरलेला दिसला नाही. मास्कच्या बॅगेत आता लेन्सवर मऊ कपड्याचं कव्हर घालूनच ठेवते आणि गाडीत सोडत नाही, तसंही उन्हात तापणं फोमला आणि लेन्सच्या सीललाही चांगलं नाही.

फोमवर सुरुवातीला एक दोन वेळा हलका रंग उतरला होता, नंतर बंद झाला. मऊपणात काही फरक नाही, कान पहिल्यासारखेच वाकतात, कुठे चीर नाही.

पुढच्या सीझनआधी कान परत एकदा बुडवणार आहे, या वेळी नुसत्या गडद निळ्यात, आत्ताचा निळसर झालेला रंग त्याखाली सहज झाकला जाईल. स्कर्ट पण त्याच भांड्यात. व्हायझरला काहीच करायचं नाहीये.