चिऱ्याच्या घरासाठी राउटर: मायक्रोटिक हेक्स

गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे वायफायचे फारसे चालत नाही. राउटरला कितीही अँटेना असल्या तरी मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडखळतोच. म्हणून डिचोलीच्या आमच्या घरात खोल्याखोल्यांतून केबल ओढून घेतली आणि राउटर निवडताना वायरवरची कामगिरी हाच निकष ठेवला. त्यात मायक्रोटिक या लॅटव्हियातील कंपनीचा हेक्स (आरबी७५०जीआर३) उतरला.

दुकानात खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. एसी१२०० म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची, ३०० आणि ८६७ मेगाबिटची, बेरीज (११६७) वाढवून केलेला गोल आकडा. त्याच राउटरचे पोर्ट (केबल जोडण्याच्या खाचा) मात्र १०० मेगाबिटचेच असू शकतात आणि मग २०० मेगाबिटची जोडणी घेऊनही केबलवर ९४-९५ च्या पुढे वेग जात नाही. पोर्टपुढे १०/१००/१००० असे छापलेले आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

हेक्सला वायफाय नाहीच. पाच गिगाबिट (म्हणजे १००० मेगाबिटचे) पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट रॅम, एवढाच त्याचा पसारा. घरातल्या घरातली वाहतूक पोर्ट एकमेकांना जोडणाऱ्या आतल्या स्विच चिपवरूनच जात असल्यामुळे प्रोसेसरवर भार येत नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवताना वेग सेकंदाला ११० मेगाबाइटच्या (एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट) आसपास स्थिर राहतो. इंटरनेटसाठी फास्टट्रॅक ही, तपासणीचे बरेच टप्पे गाळून डेटा झटपट पुढे पाठवणारी सोय मूळ मांडणीतच (सेटिंगमध्ये) चालू असते. मात्र प्रत्येकाच्या वाट्याचा वेग ठरवून द्यायचा, तर फास्टट्रॅक बंद करावा लागतो आणि प्रोसेसरची मर्यादा तेव्हा जाणवते. घेण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो ८ ते ३० व्होल्टपर्यंतच्या वीजपुरवठ्यावर चालतो. सोबत २४ व्होल्टचा अडॅप्टर येतो, पण १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला तरी चालतो, आणि पावसाळ्यात वीज वारंवार जात असताना याचे मोल कळते.

राउटर चांगला असूनही केबलमुळे वेग अडू शकतो. आमच्या एका खोलीचा पोर्ट १०० मेगाबिटवरच जुळत होता. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. प्लग उघडून पाहिला तेव्हा निळी तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती. नवा प्लग बसवताच वेग पूर्ण मिळाला. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तारा सहज तुटतात आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम लवकर गंजते. शुद्ध तांब्याची कॅट ६ प्रतीची केबल मागून घ्यावी. तसेच अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये, कारण विजेच्या कडकडाटात तिच्यातून येणारा झटका राउटरपर्यंत पोचतो. तिथे फायबरच टाकावे.

मांडणीचे पान नवख्याला अवघड वाटेल. क्विक सेट या झटपट मांडणीच्या भागातून जोडणी सुरू होते, पुढच्या बारकाव्यांसाठी मात्र वाचन करावे लागते, आणि मोबाइलसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून वायफाय देणारे यंत्र) लागतोच. आम्ही तो मधल्या खोलीत केबलने जोडला आहे. एवढी खटपट नको असेल, त्याने गिगाबिट पोर्ट असलेला साधा वायफाय राउटर घ्यावा.