वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये आठ महिने चॅटबॉट: कामाला चोख, पण एजीआय म्हणवत नाही

ठाण्यात वागळे इस्टेटला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, शेड, पोटमाळ्याचे जिने अशी कामं, मी, दोन वेल्डर आणि एक हेल्पर पोरगा. गेले आठ महिने पैसे भरून चॅटबॉट वापरतोय, आधी एका कंपनीचा, मग दुसऱ्या कंपनीचा, आणि हा रिव्ह्यू दोन्हींचा मिळून समजा कारण जी खोड सांगणार आहे ती दोघांचीही सारखीच निघाली. लिहायला बसलो ते भाच्यामुळे. तो ऐरोलीला आयटीत आहे, गणपतीत घरी आला तेव्हा म्हणाला, मामा आता एजीआय आलंच समजा, म्हणजे माणसासारखी कुठल्याही कामात चालणारी बुद्धी, फार तर दोन वर्षं. माझ्यासाठी ही चहासोबतची चर्चा नाही. हे खरं असेल तर माझ्या हेल्परनं पुढची वीस वर्षं कशासाठी घालवायची हे मला त्याला आज सांगता आलं पाहिजे.

आधी जे चांगलं आहे ते. कोटेशन. पूर्वी रात्री जेवून झाल्यावर वही घेऊन बसायचो, आता मापं सांगतो आणि पाच मिनिटांत जीएसटीसकट कोटेशन तयार, इंग्रजी सुद्धा असं की सोसायटीचा आर्किटेक्ट परत फोन करून काही विचारत नाही. लोखंडाचं वजन काढायलाही पक्का, गोल सळईचा आपला हिशोब आहे ना, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो, तो त्याला येतोच पण तो १६२ कुठून आला हे पण त्यानं मला समजावलं, लोखंडाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरून, आणि पंचवीस वर्षं हा आकडा वापरून मला ते माहीत नव्हतं. वेल्डिंग थंड होताना फ्रेम का ओढते, टॅक म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके आधी चारी कोपऱ्यांना का मारायचे आणि मग पूर्ण वेल्डिंग समोरासमोर का करायचं, हेही नीट सांगतो. माझा वेल्डर हे सगळं हातानं करतो पण असं शब्दात नाही सांगू शकत.

मराठीत बोललेलं कळतं, फक्त ग्राइंडर चालू असताना बोलून टाइप करायला जाऊ नका. आणि आपल्या धंद्यातली भाषा त्याला शिकवावी लागते. पहिल्यांदा मी 'एक इंच दोन सूत पट्टी' लिहिलं तर गडी सूत म्हणजे दोरा समजून शिवणकामावर गेला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग असं सांगितलं आणि त्या चॅटमध्ये मग एकदाही चुकला नाही, पंचवीस बाय सहाची पट्टी म्हणजे मीटरला साधारण १ किलो १८० ग्रॅम हे बरोब्बर दिलं.

आता कोपरीच्या कामाचं सांगतो, कारण माझं मत तिथे बनलं.

जुनी चाळ, वरच्या मजल्यावरची खोली, पोटमाळ्याला लोखंडी जिना पाहिजे. उंची ८ फूट ९ इंच, जमिनीवर लांबीला जागा जेमतेम ७ फूट. मी चार फोटो काढले, मापं लिहिली आणि चॅटबॉटला दिली. त्यानं सुरुवातच छान केली, म्हणाला साडेसात इंचाचे १४ चढ आणि ९ इंचाच्या १३ पायऱ्या हा आरामाचा जिना झाला पण त्याला पावणेदहा फूट लागतील, तुमच्याकडे नाहीत, मग उभा जिना करू, ११ चढ साधारण साडेनऊ इंचाचे, ८ इंचाच्या १० पायऱ्या, ८० इंचात बसतो. दोन्ही बाजूंना कठडा घ्या असंही आपणहून सांगितलं. गणित मी परत तपासलं, कुठेही चूक नाही. कटिंग लिस्ट घेतली आणि माल आणायला निघालो.

हेल्पर पोरगा जालन्याकडचा, दहावी झालेला, कामाला लागून तेव्हा तीन आठवडे झाले होते. तो माझ्या फोनवर ते चित्र बघत होता आणि म्हणाला, "शेठ, मोरीचं दार कुठं उघडणार?"

मोरीचं दार बाहेर उघडतं आणि ते थेट तिसऱ्या पायरीला आपटणार होतं. दार चारपैकी दोन फोटोंत स्पष्ट दिसत होतं, कडी सुद्धा दिसत होती. मी चॅटबॉटला सांगितलं तर लगेच माफी मागितली आणि उपायही चांगले दिले, बिजागरी दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर सरकतं दार करा. म्हणजे दार म्हणजे काय, जिना म्हणजे काय, दोन्ही एका जागी आले तर काय होतं, सगळं त्याला माहीत होतं. पण त्याला तो प्रश्न पडला नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं, आणि न विचारलेल्या जागी नुकसान होणार होतं ते माझं, आणि त्या चाळीतल्या आजींचं, ज्या रोज त्या मोरीत जाणार.

चूक झाली एवढ्यावर मी स्टार कापले नसते, माझ्याही होतात. कापले ते पुढच्या गोष्टीमुळे. महिन्यानं नौपाड्यात तसंच काम आलं, नवीन चॅट उघडली, फोटो दिले, आणि दाराबद्दल परत एक शब्द नाही. मग भाच्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेमरीत, म्हणजे प्रत्येक नवीन चॅटमध्येही त्याला दिसणाऱ्या नोंदीत, लिहून ठेवलं की साइटवर दार कुठे उघडतं ते आधी विचार. झालं काय, आता तो प्रत्येक कामात विचारतो, गच्चीवरच्या शेडला सुद्धा, जिथे दारच नाही. आणि पोरगा? त्याला मी काहीच शिकवलं नाही. तो आता कुठल्याही साइटवर गेला की आधी सगळी दारं खिडक्या उघडून बंद करून बघतो, आणि परवा एका कामावर त्यानं बाईंना विचारलं की गॅस सिलिंडर कुठून आत आणता, कारण आमचा कठडा त्या वाटेवर येत होता. दाराची एक चूक बघून त्याच्या डोक्यात बसलं ते दार नाही, जे जे हलतं त्याला जागा लागते हे बसलं. याला आमच्याकडे हात बसणं म्हणतात, यात डोकं पण आलं.

त्यानंतर मी यावर वाचायला लागलो आणि मला सापडलं की ही फक्त वर्कशॉपवाल्याची तक्रार नाही. फ्रान्स्वा शोले म्हणून एक एआय संशोधक आहेत, त्यांनी २०१९ मध्येच मांडलं होतं की काय काय येतं यावरून बुद्धी मोजू नका, नवीन गोष्ट किती थोडक्या अनुभवात शिकतो त्यावरून मोजा. त्यासाठी त्यांनी रंगीत चौकोनांची कोडी केली, दोन तीन नमुने बघून नियम ओळखायचा. मार्च २०२५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, त्यातलं प्रत्येक कोडं किमान दोन माणसांनी दोन प्रयत्नांच्या आत सोडवलेलं होतं, आणि त्यावेळच्या चांगल्या चांगल्या मॉडेल्सना, म्हणजे चॅटबॉटच्या आतल्या एआयना, शंभरात एक आकडी मार्क. नंतर ते मार्क भराभर वाढले हेही खरं आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. जुलै २०२५ मध्ये तर गुगल डीपमाइंड आणि ओपनएआय या दोन एआय कंपन्यांच्या मॉडेल्सनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडची ६ पैकी ५ गणितं सोडवली, ४२ पैकी ३५, म्हणजे गोल्ड मेडलची पातळी. ते गणित माझ्या सात पिढ्यांत कुणाला सुटणार नाही. मग जे ऑलिंपियाडला गोल्डपर्यंत पोचतं त्याला मोरीचं दार कसं दिसत नाही?

मला जे समजलं ते असं. कंपनीत ट्रेनिंग एकदा होतं, अफाट मजकुरावर, आणि मग ज्या आकड्यांत ते शिकलेलं साठतं ते आतले आकडे गोठतात. आपण त्याच्याशी बोलतो त्यानं ते हलत नाहीत, चॅट चालू आहे तोपर्यंत वरचं वाचून तो शहाण्यासारखा वागतो, नवीन चॅट उघडली की पुन्हा पहिला दिवस, आणि मेमरी म्हणजे शर्टाच्या खिशातली चिठ्ठी. माझं सूत त्याला त्या चॅटपुरतं कळलं, नवीन चॅटमध्ये परत दोरा. जगभरातल्या पुस्तकांचं वाचन एकीकडे आणि काल साइटवर काय झालं ते एकीकडे, आणि या दोघांना जोडणारी वाट अजून नाही. ओपनएआयच्या २०१८ च्या सनदेत एजीआयची व्याख्या आहे, पैसे मिळवून देणाऱ्या बहुतेक कामांत माणसाला मागे टाकणारी स्वायत्त यंत्रणा. पोटमाळ्याचा जिना हे पैसे मिळवून देणारंच काम आहे. त्यातला वहीवरचा अर्धा भाग चॅटबॉट माझ्यापेक्षा चांगला करतो, उरलेल्या अर्ध्यात तीन आठवड्यांचा पोरगा पुढे निघाला.

भाचा म्हणतो ही वाट पण लवकरच सापडेल, त्यावर काम चालू आहे. सापडेल सुद्धा, मी नाही म्हणत नाही. पण आज दुकानात जे विकायला आहे त्याचा रिव्ह्यू मी आज लिहितोय.

तर पाचपैकी साडेतीन स्टार. कोटेशन, पत्रव्यवहार, वजनाचे हिशोब यासाठी डोळे झाकून घ्या, महिन्याचे पैसे दोन कामांत वसूल होतात, मी सबस्क्रिप्शन चालू ठेवलंय. त्याच्या कटिंग लिस्टवर मात्र स्वतः साइटवर उभं राहिल्याशिवाय एक तुकडाही कापू नका, आणि फोटो देताना आसपासचं काय काय उघडतं, सरकतं, आत येतं ते शब्दात लिहून द्या, मग उत्तर खूप सुधारतं. आणि पोराला मी सांगितलंय की वेल्डिंग शीक, माप घ्यायला माझ्याबरोबर ये, आणि कोटेशन चॅटबॉटकडून करून घ्यायलाही शीक. पगार दिवाळीपासून वाढवलाय.

फॅब्रिकेशन, सुतारकाम, प्लंबिंगवाले कुणी वापरत असाल आणि तुमच्या चॅटबॉटनं कधी आपणहून मोरीच्या दारासारखा प्रश्न काढला असेल, मेमरीत न लिहिता, तर फोटोसकट नक्की सांगा. मी स्टार वाढवीन.