सेकंडहँड आयन ट्रॅप: अकरा महिने वापरल्यावर, आणि त्यातलं पाणी

काल हेलियमचा नवा सिलिंडर लावला, चाचणी घेतली, आणि १६६ या वस्तुमानावर, जिथे आत शिरलेलं पाणी दिसतं, काही म्हणजे काही दिसलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर ‘घेऊ नका’ एवढ्यावरच थांबले असते.

यंत्र मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे आयनांचं वस्तुमान मोजणारं. इलेक्ट्रोस्प्रेचं (द्रावण फवारून आयन करणारं), थ्रीडी ट्रॅप (आयन आत अडकवून ठेवणारा). १६६, ६०१ असे आकडे म्हणजे आयनांची वस्तुमानं. आम्हाला ते हवं होतं धातूच्या आयनांचं उत्प्रेरण वायुरूपात बघायला. द्रावक नाही, आधार नाही. एक आयन आणि त्याला भेटणारा एक रेणू. कॅप्स आणि स्टेली यांनी १९८१ मध्ये आयसीआरवर (चुंबकाने आयन धरून ठेवणाऱ्या यंत्रावर) दाखवलेलं चक्र मला अजूनही सुंदर वाटतं: लोखंडाचा आयन नायट्रस ऑक्साइडकडून ऑक्सिजन घेतो, कार्बन मोनॉक्साइडला देऊन टाकतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. पण अतिवाहक चुंबकाचं यंत्र आमच्या ग्रँटमध्ये बसणारं नव्हतं. ट्रॅप बसला.

माझा आयन चांदीचा. दोन चांदी, एक हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) आणि वर डीपीपीएम हा लिगँड, म्हणजे धातूला धरून बसणारा, फॉस्फरस असलेला रेणू. मेलबर्नच्या ओ’हेअर यांच्या गटाने अभ्यासलेला. ६०१ ला तो निवडून धरायचा. फॉर्मिक आम्ल भेटलं की हायड्रोजन सुटतो आणि ६४५ येतो. त्याला हेलियमवर आपटवलं की ४४ जातात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि ६०१ परत. चांदीचे १०७ आणि १०९ हे समस्थानिक जवळपास निम्मेनिम्मे असल्याने तीन पीक (शिखरं) शेजारीशेजारी येतात, ओळखायला चूक होत नाही. हे चक्र पहिल्यांदा आमच्या स्क्रीनवर पूर्ण झालं त्या संध्याकाळी मी घरी जायचंच विसरले.

मग जुलै आला, मुंबईचा जुलै. अभिक्रियांचे वेग मोजायला घेतले तर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. पाण्याचा संशय आला म्हणून साधी चाचणी केली: अॅसिटोनायट्राइल या द्रावकाचा एकच रेणू लागलेला चांदीचा आयन, १४८, अडकवून दहा सेकंद थांबायचं. १६६ वर उंच पीक. अठरा वाढले म्हणजे पाणीच.

सर्व्हिस इंजिनिअर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा उत्तर तेच, ‘व्हॅक्यूम स्पेकमध्ये आहे.’ होताच. पण ट्रॅपमध्ये हेलियम साधारण १ मिलिटॉर दाबाचा असतो. त्यात १० पीपीएम (दहा लाखांत दहा) पाणी धरलं तर घन सेंटीमीटरमागे ३३ कोटी रेणू होतात, म्हणजे आयनाला दर एकदोन सेकंदांनी एक पाणी धडकणार. प्रथिनं मोजणाऱ्याला याचं सोयरसुतक नाही, त्याचा आयन इतका वेळ आत थांबतच नाही. माझा दहा सेकंद थांबतो. हे मी कागदावर मांडून दाखवलं तरी ‘ॲप्लिकेशन इश्यू’ असा शेरा मारून तक्रार बंद केली, आणि व्हिजिटचे पैसे घेतले ते घेतलेच. त्या बिलाचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी सिलिंडरपासून एकेक जोड मीच तपासत गेले. यंत्र बसवताना हेलियमच्या लाइनमध्ये दीड मीटर नायलॉनची नळी टाकली होती. गळती शून्य. पण नायलॉनमधून बाहेरचा दमटपणा हळूहळू आत झिरपतो, सांधे कितीही घट्ट असोत. स्टीलची नळी टाकली, तापणारी पट्टी गुंडाळून रात्रभर तापवली. दुसऱ्या दिवशी १६६ दहाव्या हिश्श्यावर आला. नळीला खर्च आला तो एका व्हिजिटपेक्षा कमी.

इथे माझं मत बदललं, यंत्राला मी उगाच दोष देत होते. आणि महिन्याभरात अर्धं पुन्हा फिरलं, कारण फॉर्मिक आम्ल आत सोडलं की १६६ परत डोकं वर काढायचा. ही चूक मात्र माझी. काटकसर म्हणून ८५ टक्के आम्लाची बाटली वापरत होते, बाकी पाणी. ते टक्के वजनाचे. रेणू मोजले तर जवळजवळ तीनात एक पाण्याचा! मोजलेले सगळे वेग टाकून द्यावे लागले, चार आठवड्यांचं काम. आता ९८ टक्क्यांचंच घेते.

बाकी थोडक्यात. पंपाचं तेल वेळेवर बदला. ५० च्या खाली ट्रॅप काही दाखवत नाही, तेव्हा उघडा लोखंडी आयन, ५६, अगदी काठावर येतो. त्याच्यासाठी हे घेऊ नका. सॉफ्टवेअर जुनं आहे, पण अडत नाही.

आता थोडं पाणी मी मुद्दाम ट्रॅपमध्ये सोडते. आयनावर जागा मोकळी असेल तरच ते चिकटतं, त्यामुळे लिगँड बदलला की कुठे जागा राहिली ते आधी पाण्यालाच विचारते आणि मग महागडा अभिकर्मक उघडते. रोज सकाळी पहिली नोंद १४८ ची, दहा सेकंद. वहीत सप्टेंबरपासून एकही दिवस चुकलेला नाही.