एक प्रोसेसर, तीन गिटारी आणि एक बेस : गणपती ते मृग वापरल्यानंतर

वळवाच्या पहिल्याच गडगडाटात ॲडॅप्टर गेला, म्हणून हे लिहायला बसलो. प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारं पायाशी ठेवायचं मशीन, वाचला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ॲडॅप्टर वॉरंटीत येत नाही; तपासून हवं तर अख्खं मशीन कुडाळहून मुंबईला पाठवा, खर्च तुमचा. 18 हजार मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल ही भाषा मला पटलेली नाही. शेवटी 9 व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला ॲडॅप्टर मागवला. इथे दुकानात सहज मिळतो तो सीसीटीव्हीचा, 12 व्होल्टचा आणि मधे पॉझिटिव्ह. तो चुकूनही लावू नका.

पण माझा खरा राग ॲडॅप्टरवर नाही, इनपुट लेव्हलवर आहे, म्हणजे वाद्याचा सिग्नल किती जोरात आत घ्यायचा त्यावर. ही सेटिंग ग्लोबल, म्हणजे सगळ्यांना एकच असलेल्या मेनूत दिली आहे, पॅचबरोबर (एका आवाजाच्या साठवलेल्या सेटिंगबरोबर) सेव्हच होत नाही! आमच्या ऑर्केस्ट्रात एकाच रात्रीत मला सिंगल कॉइलची (तारांचा आवाज उचलणारा पिकअप एका वेटोळ्याचा) गिटार लागते, हमबकरची (दोन वेटोळ्यांच्या पिकअपची) लागते, पिकअप बसवलेली अकूस्टिक लागते, आणि काही गाण्यांना भाच्याचा पाच तारांचा ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी असलेला बेस. चौघांचाही सिग्नल वेगळ्या जोराने आत येतो. सिंगल कॉइलवर गोड वाजणारा क्रंचचा (किंचित फाटलेल्या आवाजाचा) पॅच हमबकरवर सरळ फाटतो, कारण सिग्नल जितका जोरात येईल तितकं ॲम्पची नक्कल करणारं मॉडेल जास्त डिस्टॉर्ट होतं. त्याला तोड आहे. चेनमध्ये, म्हणजे इफेक्ट्सच्या रांगेत, सगळ्यात आधी व्हॉल्यूमचा ब्लॉक टाका, हमबकरसाठी 5 डेसिबल खाली घ्या आणि वेगळा पॅच करून ठेवा.

बेसला ही युक्ती चालत नाही. बॅटरीवरच्या सर्किटमधून सिग्नल इतका दणकट येतो की डिजिटल होतानाच त्याची टोकं छाटली जातात. पुढे कितीही व्हॉल्यूम उतरवा, तीच करकर हळू आवाजात ऐकू येते. म्हणजे निवेदक दोन वाक्यं बोलेपर्यंत वाकून मेनू उघडायचा, पानं उलटायची, इनपुट खाली आणायचा. आणि परत गिटार घेतली की वर न्यायचा. नाहीतर बेसवरचाच व्हॉल्यूम नॉब उतरवायचा, पण मग भाचा वाजवताना नेमका तो पूर्ण उघडतो. मधे सॉफ्टवेअरचा अपडेट आला. नवे ॲम्प आले, नवे डिले आले, ही एक गोष्ट आली नाही. कंपनीला मेल केला आहे, पुन्हा करणार.

दिवाळीपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो, बेससाठी हा घेऊ नका. आता तसं सांगणार नाही. कंपनीचे पॅच गिटारसाठी बनवलेले असतात. गिटारच्या जाड ई तारेचा सूर 82 हर्ट्झचा, बेसच्या ई चा 41, आणि पाचव्या तारेचा जवळपास 31. पॅचमधलं गिटारचं कॅबिनेट (स्पीकरच्या पेटीची नक्कल) खालचा भाग आधीच खाऊन टाकतं, मग बेस पोकळ वाजणारच. गिटारचं कॅबिनेट काढलं, बेसचं लावलं, आणि थोडा ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) साध्या सिग्नलमध्ये मिसळला. मंडपातल्या छोट्या बॉक्समधून 41 हर्ट्झ नीट बाहेर पडतच नाही. कानाला सूर कळतो तो वरच्या 82 आणि 123 वरून, आणि ओव्हरड्राइव्ह तेच वर काढतो. शिमग्याच्या कार्यक्रमात साउंडवाला स्वतः जवळ येऊन म्हणाला, "आज बेस बरो वाजता हा मरे!" त्या रात्री पैसे वसूल झाले.

नॉइज गेटबद्दल, म्हणजे हळू आवाज बंद करणाऱ्या इफेक्टबद्दल, थोडक्यात. लायटिंग आणि जनरेटरजवळ सिंगल कॉइल गुणगुणते. गेट जास्त चढवला तर लांबवलेला सूर मधेच तुटतो. त्यापेक्षा गिटारवरचा पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच दोन किंवा चारवर ठेवा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर गुणगुण बरीच मरते. अकूस्टिकला ॲम्प आणि कॅबिनेट दोन्ही बंद, फक्त इक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारा) आणि हलका कॉम्प्रेसर (जोर सारखा ठेवणारा). आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत जॅक हिरवे पडतात, तेव्हा खरखर आली की प्रोसेसरला दोष देण्याआधी केबलची टोकं पुसून बघा.

एकच गिटार वाजवत असाल तर खुशाल घ्या, या किमतीत आवाज उत्तम आहे. ॲक्टिव्ह बेसही लावणार असाल तर तो दुकानात घेऊन जा, सगळे नॉब उघडून जाड तार जोरात मारा आणि क्लिपचा (सिग्नलची टोकं छाटली जाताना पेटणारा) लाल दिवा बघा. इनपुट लेव्हल पॅचमध्ये सेव्ह होते का, हे दुकानदाराला समोर करून दाखवायला लावा.