पायथनच्या एरर मराठीत: काही महिन्यांच्या वापरानंतर

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम कोसळला की एरर, म्हणजे चुकीचा मेसेज, छापण्याचं काम तिच्या सिस मॉड्यूलमधलं एक्सेप्टहुक नावाचं फंक्शन करतं. ते बदलता येतं. नवशिक्यांसाठी मी तिथे माझं फंक्शन बसवलं आणि मूळ मेसेजखाली मराठी स्पष्टीकरण दाखवू लागलो. सिंटॅक्सएररला, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमांतल्या चुकीला, मात्र वेगळी सोय लागते. त्यात फाइल चालायच्या आधीच सगळं थांबतं, म्हणून ती दुसऱ्या स्क्रिप्टमधून चालवावी लागते.

फायदा खरा आहे, आणि मला वाटलं होतं त्याहून मोठा. लाल अक्षरं दिसताच खिडकी बंद करणारी मुलं आता ओळ क्रमांक शोधतात. पण नुसत्या भाषांतराने हे झालं नाही. पायथन पूर्वी कंस उघडा राहिला तरी बऱ्याचदा फक्त ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणायचा, तेही पुढच्या ओळीवर बोट ठेवून. त्याचं मराठी केलं असतं तरी कुणाला काय कळलं असतं? 3.10 या आवृत्तीपासून तो उघडा राहिलेला कंसच दाखवतो. अशा मेसेजचं मराठी लगेच कामी येतं. म्हणून जुन्या, मोघम मेसेजना मी नव्यानेच वाक्यं लिहिली.

मराठी मेसेजचे साचे बनवताना व्याकरणातलं लिंग आडवं येतं. व्हेरिएबलचं नाव काहीही असू शकतं, मग ‘सापडला’ म्हणायचं की ‘सापडली’? ‘हे नाव सापडलं नाही’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

टर्मिनलने, म्हणजे मेसेज दिसतात त्या मजकुराच्या खिडकीने, मात्र निराशा केली. काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात, आणि ओळीत देवनागरी मजकूर असेल तर चूक दाखवणारी खूण भलत्याच अक्षराखाली येते.

एका गोष्टीवर मी ठाम आहे: टाइपएरर, कीएरर ही एररच्या प्रकारांची नावं मूळ इंग्रजीतच दिसली पाहिजेत, कारण उत्तरं त्याच नावाने सापडतात. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसने हे छान सोडवलंय. मेसेजची भाषा बदला, पण युनिक बंधन (तीच किंमत दुसऱ्यांदा नको, हा नियम) मोडलं की कोड 23505 च येतो. पायथनच्या बहुतेक एररना असे क्रमांक नाहीत, त्यामुळे एररच्या नावावरच विसंबावं लागतं. लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी, मी पूर्ण इंग्रजीत ठेवतो. ते वाचणारी साधनं ठरावीक मजकूर शोधतात.

बाहेरच्या लायब्ररींचे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे, मेसेज अजून इंग्रजीतच येतात. त्यांच्यासाठी सध्या फक्त एररचा प्रकार मराठीत समजावतो.