सागवानी स्टिरिओस्कोप आणि बागा-महालांची 24 कार्डं: घेताना मोजपट्टी सोबत ठेवा

रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सागवानी स्टिरिओस्कोप, म्हणजे कार्डावरची एकाच दृश्याची दोन चित्रं दोन भिंगांतून एकत्र करून खोली दाखवणारं यंत्र, 24 कार्डांसह 2,400 रुपयांना मिळतोय. घडण अमेरिकी डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या 1861 च्या नमुन्याची: डोळ्यांभोवती हूड, खाली घडीची मूठ, दांडीवर पुढे-मागे सरकणारी कार्डाची आडवी पट्टी. लाकूडकाम चोख आहे, मूठ जराही डगमगत नाही.

भिंगं मात्र तपासून घ्या. यात अर्धी भिंगं असतात, जाड कड कानाकडे आणि पातळ नाकाकडे. कार्डावरच्या दोन चित्रांतलं अंतर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, डोळ्यांतलं साधारण साडेसहा. हा फरक भिंगाची पाचर भरून काढते. काही नगांत भिंगं उलटी बसली आहेत. त्यातून चित्रं एकमेकांवर बसत नाहीत आणि कपाळ दुखायला लागतं. कडेवरून बोट फिरवलं की लगेच कळतं.

कार्डं जुन्या चित्रांच्या नव्या छापील प्रती आहेत: पॅरिसजवळच्या व्हर्साय महालाच्या बागा, लंडनच्या सिडनहॅम भागातला क्रिस्टल पॅलेस हा काचमहाल, 1871 मध्ये जळालेला पॅरिसचा ट्युइलरी महाल. बागांची कार्डं केव्हाही सरस. महाल शंभर मीटरवर असला की साडेसहा सेंटिमीटरच्या फरकातून खोली उमटत नाही, तो पडद्यावर रंगवल्यासारखा दिसतो. म्हणून जाणते फोटोग्राफर पुढ्यात कुंडी, कठडा, एखादी फांदी घ्यायचे. व्हर्सायच्या कार्डात दगडी कुंडीची किनार हाताला लागेल इतकी पुढे येते आणि मागे छाटलेल्या झाडांच्या रांगा एकामागून एक सुट्या होत जातात. फार सुंदर कार्ड आहे. कारंज्याचं पाणी धुक्यासारखं दिसतं तो प्रतीचा दोष नव्हे. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन काचेला (ओल्या रासायनिक थराच्या, फिल्मसारख्या वापरायच्या काचेला) बरेचदा काही सेकंदांचं एक्स्पोजर लागायचं.

खरी चूक तीन कार्डांत आहे. डावं-उजवं चित्र उलटलंय, त्यामुळे महाल पुढे आणि कुंडी त्याच्या मागे खड्ड्यात. दोन भिंगांच्या जोडकॅमेऱ्यातल्या एकाच काचेवरून काढलेली प्रिंट मधोमध कापून बाजू बदलावी लागते, ती पायरी इथे राहिली असणार. मोजपट्टीने पकडा: दोन्ही चित्रांतल्या महालाच्या शिखरांमधलं अंतर मोजा, मग कुंड्यांमधलं. बरोबर कार्डात जवळच्या वस्तूचं अंतर कमी भरतं. ट्युइलरीच्या कार्डात शिखर 74 मिलिमीटर, कुंडी 77. अशी कार्डं दुकानात बदलून मिळतात. नाहीतर कापून, बाजू बदलून, दोन्ही चित्रांची खालची कड एका रेषेत ठेवून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. एक मिलिमीटरही वर-खाली झालं तरी डोळे ओढले जातात.